सातची घंटा

रुळाचा एक तुकडा आहे, कडुनिंबाला टांगलेला.
कुठल्या मार्गावरचा, ठाऊक नाही;
आमच्या गावात रेल्वे कधी आलीच नाही.
त्यावर जाड खिळ्यानं हाणतो मी, तेवीस वर्षं झाली.
पगारपत्रकात सोमाजी बोरकुटे,
पोट्ट्यांसाठी नुसता घंटीवाला.

फाल्गुन सरला की शाळा सकाळची होते.
ऊन तापतं, ते खरं.
बारा वाजता खिडकीच्या गजाला हात लावून बघा.
म्हणून सात ते अकरा.
कागद वरून येतो.
त्यात ऊन असतं, मोह नसतो.

मोह तर रात्री गळतो.
तीन वाजता कुत्री भुंकतात,
टॉर्च हलत हलत जंगलाकडे जातात,
त्यातले निम्मे आमच्या पटावरचे.
दर्शना कुळमेथे, सातवी. तिचा भाऊ सुजल, तिसरी.
बापानं पाला जाळून झाडाखालची जागा साफ केलेली,
काळ्या भुईवर पिवळं फूल दिसावं म्हणून.
मामा डबा बडवत बसतो, अस्वल जवळ येऊ नये.
पोरं वाकतात, सरकतात, वाकतात.
अस्वलाला रविवार नसतो.

सहा वाजता टोपली अंगणात उपडी,
तोंडावर पाणी, गणवेश,
आणि टोल्यावरून तीन किलोमीटर,
अर्धे पळत.

परवा तपासणीला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी
व्हरांड्यात कागद चिकटवला:
या वयाला नऊ-दहा तास झोप हवी.
मी बोटांवर मोजलं.
दहाला आडवी झाली, तीनला उठली.
एक हातच पुरला.
उरलेल्या रिकाम्या हातात
मी रोज खिळा धरतो.

पहिल्या तासाला दर्शना अपूर्णांकांवर डोकं ठेवते.
ओली शाई. अंश, छेद गालावर उलटे उमटतात.
नवे गुरुजी खडू फेकून मारायचे.
एकदा जवळ गेले, वाकले, नाक ओढलं:
"काय गं, पिऊन आलीस?"
वर्ग हसला.
तिनं दोन्ही तळहात मागे नेले.
"मोहाचा वास साबणानं जात नाही, गुरुजी,"
मी झाडू थांबवून दारातून बोललो.
तेवीस वर्षांत वर्गात पहिल्यांदा बोललो असेन.
खडू मग फळ्यावरच राहिला.

त्यानंतर घंटा उशिरा द्यायला लागलो.
आधी पाच मिनिटं. झाडून व्हायचं होतं.
मग दहा. खिळा सापडत नव्हता.
शहारेबाई, आमच्या मुख्याध्यापिका,
घड्याळाकडे बघायच्या, मग माझ्याकडे,
मग टोल्याच्या रस्त्याकडे.
सुटीची घंटा मात्र अकराला म्हणजे अकराला,
त्यात माझी चूक कोणी काढून दाखवावी.

एका सोमवारी ऑफिसात गेलो,
भिंतीवर सातला दहा कमी,
माझ्या मोबाइलात सात वाजून वीस.
"बाई, घड्याळ मागं पडलं."
बाईंनी रजिस्टरातून मान वर केली नाही.
"सेल उतरला असेल, सोमाजी.
बाजारातून आणा. घाई नाही."

बाजार गुरुवारी भरतो.
दोन गुरुवार झाले.
मी कांदे आणले, मिरची आणली, खराटा आणला.

अर्ध्या तासानं पाचाचे नऊ होत नाहीत,
एवढं गणित मलाही येतं, बाप्पा.
आणि कधीतरी केंद्रप्रमुखांची मोटारसायकल
फाटकात येऊन उभी राहील, मनगटावर खरी वेळ घेऊन.
तेव्हाचं तेव्हा.
पण पोरं आता टोल्यावरून चालत येतात.

आज दर्शना लवकर पोचली.
निंबाच्या बुडाशी बसली,
मांडीवर दप्तर, दप्तरावर डोकं,
वेणीत एक मोहफूल अडकलेलं, तिला माहीत नसलेलं.
सुजल बाजूला, तोंड उघडं.
बाईंच्या घड्याळात सात वाजले.
मी खिळा उचलला.

मग खाली ठेवला,
आणि झाडलेलं अंगण
परत एकदा झाडायला घेतलं, हळू,
खराट्याचा आवाज होणार नाही असं.