चोच हलते का

सस्काटूनहून जवळात जवळचा समुद्र
गाडीने दोन दिवसांवर.
म्हणून मी तो तळघरात करतो,
दर दुसऱ्या रविवारी, बादलीत,
लिटरला पस्तीस ग्रॅम मीठ घालून.
वजनात मी चुकत नाही.
छत्तीस वर्षं धान्याच्या कोठारावर काटा सांभाळलाय,
मूठभर गहू तळहातावर पसरून सांगायचो,
हा एक नंबर, हा तीन,
आणि ह्याला कापणीआधीच हिमाचा चटका बसलाय.

तरी फसलो.
दुकानातल्या ग्लेनिसने पिशवीला गाठ मारली,
वर चिठ्ठी लावली: पेपरमिंट.
लाल रेघा होत्या, पांढऱ्या होत्या,
म्हटलं, असेल.
मला पेपरमिंटच हवी होती;
खडकावर माजलेली काचेरी बांडगुळं
कोळंब्यांत तीच काय ती खाते.
घरी आणून नळीतून थेंब थेंब पाणी सोडलं,
दोन तास, स्टुलावर बसून.
पाव्हण्याला एकदम आत ढकलू नये.
माशांच्या ठिपक्यांवरचं ते तांब्याचं औषध
आदल्या दिवशीच शेजारी देऊन टाकलं होतं.
तांबं म्हणजे कोळंबीला विष,
एवढं मला वाचून माहीत होतं.

बांडगुळं वाढत राहिली.
तिसऱ्या आठवड्यात जांभळं प्रवाळ
कडेने कुरतडलेलं दिसलं. ऐंशी डॉलरचं.

मग शेजारचा टेव्हिश आला, वय अकरा,
टॉर्चला लाल कागद बांधून.
लाल उजेड त्यांना जाणवत नाही म्हणे.
आम्ही दोघं काचेपुढे गुडघ्यांवर,
वर खिडकीच्या फटीत उणे एकतीस.
"पाठ बघा, मिस्टर बोयचुक," तो कुजबुजला,
"कुबड आहे. आणि पेपरमिंटच्या रेघा बारीक असतात,
हे तर पट्टे झाले, रंगाऱ्याने ओढल्यासारखे."
मी काहीच बोललो नाही.
"आता चोच. चोच हलते का बघा."

हलली.
वर-खाली, बिजागरी बसवल्यासारखी.

"पेपरमिंटची हलत नाही," टेव्हिश म्हणाला.
"हा उंट आहे."
क्षणात 'ती'चा 'तो' झाला,
आणि माझ्या तळघरात उंट निघाला.

ग्लेनिस बदलून द्यायला तयार होती.
पण देणार काय?
जाळी पाण्यात शिरायच्या आत
तो खडकाच्या पोटात.
पाच रात्री मी कोपरापर्यंत ओला,
आणि तो आत बसून मिशा फिरवतोय,
एक माझ्याकडे, एक दुसरीकडेच.

सहाव्या सकाळी तो वाळूवर आडवा.
मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहून ठेवतो,
कारण पुढच्याच क्षणी बोटाने त्याला उलटवला
आणि आत कोणी नव्हतं.
कात.
प्रत्येक पाय होता, पायावरचा प्रत्येक केस,
डोळ्यांवरचंही झाकण,
कुबडाची घडी जशीच्या तशी,
फक्त पाठीवर एक फट, बाहेर पडायला.

तो पंपामागे होता. मऊ.
दोन दिवस कुणाला चावता येणार नाही,
पळता येणार नाही धड,
आणि जाळी माझ्या हातात.

जाळी मी खुंटीला लावली.

कात स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाहिली.
काटा हलला नाही.
ओली होती, तरी नाही.
मग परत पाण्यात सोडली;
चुना लागतो त्यांना, खातात म्हणे आपलीच.

प्रवाळ आता टेव्हिशच्या टाकीत आहे,
तो दर शनिवारी त्याचं मोजमाप कळवतो,
मिलिमीटरमध्ये, अगदी गंभीर आवाजात.
बांडगुळं मी स्वतःच काढतो,
सुईने, चष्मा लावून, एकेक.
आणि काल ग्लेनिसला फोन केला,
म्हटलं, चिठ्ठी काहीही लाव,
पण ज्यांची चोच हलते असे दोन बाजूला ठेव.
उंट एकटे राहत नाहीत.