आत

सांतीबस्तवाडहून बुट्टीतून आली
म्हणून तिचं नाव बुट्टी.
वरून फडकं, फडक्याला भोक,
भोकातून एक ओलं काळं नाक
अख्ख्या अनगोळचा वास घेत.

चौथ्या दिवशी उद्यमबागेत गेलो.
इराण्णानं शिल्लक सळ्या काढल्या,
म्हणाला, माप सांग.
डॉक्टरनं दिलेली चिठ्ठी मी वाचून दाखवली :
उभी राहिली तर डोकं लागू नये,
जागच्या जागी गोल फिरता यावं,
चारी पाय ताणून झोपता यावं.
त्याहून मोठा नको.
मोठा झाला की एका कोपऱ्यात झोपते
आणि दुसऱ्यात मुतते.
इराण्णानं चष्मा डोळ्यांवर ओढला.
"आमचं घर बी ह्याच मापाचं की."

कस्तुरीनं दारातच अडवलं.
पिंजरा? माझ्या घरात?
तिच्या माहेरी, गोकाकला, कुत्री दारात असतात,
बांधलेली नसतात, कुणाची नसतात,
भाकरीपुरती असतात.
रात्री बघतो तर
आईचं विटलेलं इरकल चौपदरी करून
तिनंच आत अंथरलेलं.

दार आपटू नये म्हणून सुतळीनं मागं बांधलं.
भाकरीचा तुकडा उंबऱ्यावर,
मग वीतभर आत,
मग पार मागच्या जाळीला.
पुढचे दोन पाय आत, मागचे दोन बाहेर
असे तीन दिवस गेले.
शेजारचा भरमा म्हणाला,
आपल्यातलीच हाय ही.

मी म्हणायचो, आत.
कस्तुरी म्हणायची, वळग.
डॉक्टर म्हणाले, घरात एकच शब्द ठरवा.
आमचा सव्वीस वर्षांत ठरलेला नाही.
बुट्टीनं दोन्ही घेतले,
भाकरी दोन्हीकडून येत होती.

मग दार लोटायचं, दहा मोजायचं, उघडायचं.
कस्तुरी मोजायची : वंद, येरड, मूर...
सातावर कुईं सुरू व्हायचं.
रडताना उघडायचं नाही,
नाहीतर रडणं हीच किल्ली होते.
मी हात मांडीखाली दाबून बसायचो.
गप्प झाली की उघडायचो, लगेच,
गप्प बसण्याचं काही मोल आहे
हे तिला कळावं म्हणून.
दहाचे साठ झाले. साठाची माझी अर्धी शिफ्ट.

आणि मग ते पॅटर्न.
पंपाच्या झाकणाचं, सागवानी,
तीन रात्री घरी बसून घासलेलं.
सकाळी त्याचा एक कोपराच नव्हता.
मानगुटीला धरलं, ढकललं,
कडी अशी घातली की सगळ्या सळ्या वाजल्या.
चिठ्ठीच्या तळाला, लाल शाईत, अधोरेखित,
एकच गोष्ट करू नका म्हणून लिहिली होती.
कस्तुरी काही बोलली नाही.
भाकरी मात्र जोरात थापत राहिली.

आठ दिवस बुट्टी मोरीच्या कडेला झोपली,
ओल्या फरशीवर.
आत म्हटलं, वळग म्हटलं,
कान मागं.
मटणाचं हाडूक ठेवलं,
मुंग्यांनी नेलं.

नवव्या दिवशी मी आडवा झालो
आणि डोकं आत घातलं.
खांद्यांच्या पुढं जाईना.
इरकलाला अजून कापराचा वास होता.
तिथून घर वेगळंच दिसतं :
खाटेच्या फळीवर लेकीनं खडूनं काढलेला सूर्य,
कस्तुरीच्या टाचांच्या भेगा,
माझेच बूट, केवढे मोठे.
भरमा दारात उभा.
"खुळ्यागत काय करूलालास?"
म्हटलं, माप बघतोय.
पायांपाशी काहीतरी गरम येऊन बसलं.
मी हललो नाही.

परवा गल्लीतून वरात गेली,
डब्यावर डबे ठेवल्यासारखे फटाके.
आम्ही दोघं तिला शोधतोय, खाटेखाली, मोरीत,
तर ती तिथं.
कुणी कुठलाच शब्द म्हटला नव्हता.
वाटोळी झालेली, नाक शेपटीत,
एक पंजा तेवढा दाराबाहेर.

कडी मी काढून
न्हाणीच्या खिडकीला लावली.
तिथं ती बरी बसते.