शेरा

सर्व्हिस होऊन अकरा दिवस झाले
आणि डाव्या पुढच्या चाकाशी टक् वाजायला लागलं.
जोरात नाही. शेजारच्या घरात कुणी
ओट्यावर वाटी उपडी घालावी, तेवढंच.
सहकारनगरात आमच्या एका गल्लीत तीन गतिरोधक,
पुरावा जमवायला वेळ लागला नाही.

सातारा रस्त्यावरचं वर्कशॉप. काचेची खोली, एसी, कॉफीचं यंत्र.
निनाद बहिरट, सर्व्हिस ॲडव्हायझर, असेल सव्वीसचा,
टॅबवर बोट फिरवत म्हणाला,
मॅडम, स्टिअरिंग रॅक गेलीय. लोअर आर्मही.
शॉकअप तर जोडीनंच बदलावे लागतात.
अठ्ठावन्न हजार तीनशे चाळीस.
जीएसटी धरून, असं मऊ आवाजात जोडलं,
जणू तेवढं खास माझ्यासाठी.

मी म्हटलं, अकरा दिवसांपूर्वी तुम्हीच
सस्पेन्शनपुढे बरोबरची खूण केलीय. ही बघ.
तेव्हा ओके होतं, मॅडम.
मधे मी लडाखला गेले नव्हते.
मंडई, बँक, आणि एकदा कोथरूडला नणंदेकडे.
रस्ते कसे आहेत, तुम्हाला माहितीय.
माहितीय.
रस्त्यांवर खापर फोडायची सोय
या शहरात सगळ्यांना फुकट आहे.

मग विचारलं, प्ले किती आहे?
म्हणजे?
रॅकमध्ये प्ले आहे म्हणतोस ना, मग किती?
मिलिमीटरमध्ये सांग. डायल लावला होतास?

भोसरीत एकतीस वर्षं मी इन्स्पेक्शनला होते.
मायक्रोमीटर मुठीत धरून बसायचं नाही,
हाताच्या उबेनं माप खोटं होतं,
हे याच्याच वयाच्या पोरांना शिकवलंय.

हल्ली असेंब्लीच बदलतात, मॅडम.
असेंब्ली.
नक्की काय बिघडलंय ते शोधायचं नसतं
तेव्हा हा शब्द येतो.
बोलताना त्याची नजर माझ्या खांद्यावरून
भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्याकडे गेली.
मीही वळून पाहिलं. नावं, टार्गेटं.
बहिरटसमोरचा आकडा लाल. तारीख एकोणतीस.

एकोणनव्वद सालचा मार्च, एकतीस तारीख.
एकशेचाळीस बुशांचा लॉट, मापाबाहेर,
फार नाही, केसाच्या निम्म्यानं.
दारात गुप्तेसाहेब, बाहेर ट्रक चालू ठेवलेला.
मी शेऱ्याच्या रकान्यात ओके लिहिलं.
ती बुशं कुठे बसली, कुणी टक् ऐकलं,
मला कधी कळलं नाही.

म्हणून आवाज चढवला नाही.
(एरवी चढवते. घरी विचारा.)
एवढंच म्हटलं, गाडी लिफ्टवर घे, मी येते.
आत कस्टमरला परवानगी नाही, मॅडम.
मग बिलालाही नाही.

गाडी वर गेली. यासीन नावाच्या मेकॅनिकनं
लिंक रॉडवर हात ठेवला
आणि वरचा नट नुसत्या बोटांनी फिरला.
सर्व्हिसला त्यांनीच बसवलेला, अजून चकचकीत.
यासीननं कुणाकडेच पाहिलं नाही.
पाना घेतला, आवळला, हात पुसले.

जॉबकार्डवर बहिरटनं लिहिलं, तपासणी केली, आवाज बंद.
मी सही केली नाही.
नट आवळायचा राहिला होता, ढिला होता, असं लिही.
मॅडम, माझं... एवढंच म्हणाला.
पेन हातात. कॉफीचं यंत्र दोनदा गुरगुरलं.
त्याच्या पगारातून काय जाईल
याचा हिशेब मलाही येत होता, पण मी गप्प बसले.

त्यानं लिहिलं.
ढिला मधला ढि दीर्घ काढला.
मी दुरुस्त केला नाही. पुण्यात राहून.

परतताना काच खाली केली.
पहिला गतिरोधक, दुसरा, तिसरा. काही नाही.
गल्लीच्या टोकाला गाडी वळवली
आणि परत एकदा.