दांडी

औंदा दांडी आणखी एक वीत खाली घेतली.
पहिल्यांदा ती माझ्या छातीला लागायची,
मग कमरेला, आता गुडघ्याला.
दांडी कसली, बेदाण्याच्या शेडचा जुना बांबू,
दोन्ही टोकांना विटा, वर सुतळीचे वेढे.
तरी कवडी दोनदा मान उंचावते, दोनदा माघार घेते.
तिसऱ्यांदा मी मागनं हात लावते.

पंचायत समितीच्या वाटपात आल्या तेव्हा
खोक्यात एकवीस होत्या, गिरीराज,
मुठीएवढ्या, नुसता चिवचिवाट.
काही मुंगसानं नेल्या, काही घारीनं,
काही पाहुण्यांनी, म्हणजे ताटातनं.
राहिल्या चार.

तीस वर्षं मी सावळजच्या पोरांची वजनं केली.
अंगणवाडी सुटली तेव्हा
काटा कुणी परत मागितला नाही, गंजला होता.
आता दर अमावास्येला
त्याच झोळीत एकेकीला बसवते.
मास्तरीण, दोन किलो शंभर. घटली.
चिंधी हलते फार, तिचं अंदाजानं.
वहीत 'अंडी' असा रकाना मीच पट्टी धरून आखलेला,
गेल्या श्रावणापासून कोरा.
नवं पान उलटलं की तरी आखतेच.

भाकरी ताकात कुस्करायची,
मक्याची भरड, चिमूटभर हळद.
पायाचे खवले उचलले की करंजाचं तेल.
चिंधीचा उजवा डोळा दुधाळ झालाय,
तिची वाटी डावीकडं.
दीर म्हणतो, वहिनी, एवढं घालतीस, मिळतं काय?
म्हटलं, खत. तुझ्याच बागंत जातं.
गप्प बसतो.
पुढच्या रविवारी पुन्हा विचारतो.

मग पौषात एका पहाटे मास्तरीण आरवली.
चिरकं, अर्धवट,
सायकलच्या फाटक्या पंपातनं निघावं तसं.
पुन्हा एकदा.
तिची तीच दचकली.

गल्ली गोळा झाली.
कोंबडी आरवली म्हणजे घराला बरं नाही,
शालनकाकी म्हणाल्या, दिवस मावळायच्या आत उरका.
दिरानं बाबालाल मुलाणीला फोनच लावला.

बाबालाल आला, सायकल लिंबाला टेकवली.
हयात गेली त्याची सुरी फिरवण्यात,
पण तिला उलटी धरली नाही त्यानं,
काखेत घेतली.
पंख उचलून बघितला, तुरा चाचपला.
'आतलं अंड्याचं बंद पडलं
की एखादीचा गळा उघडतो,' म्हणाला.
'आमच्या आईकडं होती अशी एक.
दोन वर्षं तिच्यावरच उठायचो आम्ही.'
मग पाय हातात धरून माझ्यावरच चिडला,
'नखं किती वाढू दिलीस गं? चालंल कशी ही?'

पिशवीतली सुरी पिशवीतच राहिली.
मी नेलकटर आणलं.
त्याचा हात कापत होता, डोळ्यालाही कमी दिसतं आता,
म्हणून धरायचं त्यानं, कापायचं मी.
एक नख जरा आत गेलं, ठिपका आला,
हळद दाबली.
पैशाचं विचारलं तर म्हणाला,
'कापलंय कुठं मी?'
बिनसाखरेचा चहा घेऊन गेला.

आता ती रोज आरवते.
सगळे कोंबडे आरवून दमल्यावर,
डेअरीचा टेम्पो जाऊन आल्यावर,
ऊन भिंतीला लागता लागता.
शालनकाकी कुंपणावरनं हाक मारतात,
'आज तुझ्या मास्तरणीला उशीर गं.'
कोऱ्या रकान्यात मी लिहिते:
सात वाजून दहा.
काल सात वाजून पाच होते.

पुढच्या वर्षी बांबूच काढावा लागेल.
विटा राहू देईन,
वीटभर तरी वर आहोत असं वाटावं त्यांना.

दिवेलागणीला मोजते.
एक, दोन, तीन.
कवडी अजून खालीच उभी, मान वर करून.
थांब गं.
माझाही गुडघा आखडलाय.
आले.