डावीकडचं स्टिअरिंग

स्विस लष्कराची जुनी अँब्युलन्स, सहाचाकी,
रंग शेवाळलेल्या कौलाचा.
आम्ही तिला घोरपड म्हणायचो,
चढावर ती पोट टेकून चिकटायची
आणि सोडायची नाही म्हणून.
शेजारचा ग्विलिम म्हणायचा 'गोर्पाड'.
मी तरी कुठे, माखन्लेथ हे त्याच्या गावाचं नाव
सहा वर्षं चुकीचं घेत होतो.
त्याच्या जोड-एलला आणि माझ्या ळला
एकमेकांच्या तोंडात जागा मिळाली नाही;
चहा मात्र भरपूर झाला.

तीन हिवाळे लागले तिचं घर करायला.
स्ट्रेचर सरकायचे त्या रुळांवर
मी खण बसवले: डाळ-तांदूळ, दोरखंड, गमबूट.
दारावर जर्मनमध्ये लिहिलं होतं,
जखमी आडवे चार, बसून सहा.
खरवडायला घेतलं तर इंदुमती म्हणाली,
राहू दे. आपण दोघंच आहोत,
जागा आहे असं लिहिलेलं बरं.

पेट्रोल प्यायची नाही, ढोसायची.
डाव्या वळणावर मसाल्याचा खण
आपणहून उघडायचा, खाडकन.
हमरस्त्यावर लॉऱ्या आम्हाला मागे टाकायच्या
आणि ड्रायव्हर हात करायचे, कीव आल्यासारखा.
पण स्ट्राटा फ्लोरिडाच्या मागे
जिथे ओढा पुन्हा पुन्हा आडवा येतो
आणि बाकीचे पाटी वाचून मागे फिरतात,
तिथे ती पाण्यात उतरायची म्हशीसारखी,
कुणाची घाई अंगाला न लावून घेता.
पलीकडे कांदेपोहे. धुकं.
काचेला नाक लावलेली मेंढी.

स्टिअरिंग डावीकडे, मुलूख उजव्या स्टिअरिंगचा.
पुढे ट्रॅक्टर असला की मी आंधळा.
इंदू उजवीकडे, खिडकीतून मान काढून,
वाऱ्यात ओरडायची: थांब. थांब. थांब.
मग: चल.
अकरा वर्षं मी तिच्या 'चल'वर पाय दाबला.
सप्तपदीतसुद्धा कुणाचं इतकं ऐकलं नव्हतं.

मागच्या ऑक्टोबरात, डिनस मौथ्वीच्या अलीकडे
ती म्हणाली, चल,
आणि समोर टपालाची लाल व्हॅन.
कसे वाचलो ते ब्रेकला विचारा.
टपालवाला बोलला, वेल्शमध्ये, बरंच काही.
सहा मैल आम्ही गप्प.
मग ती म्हणाली, मधोमध डाग येतो रे.
कडेकडेचं सगळं दिसतं,
बघायचं असतं तेवढंच जातं.

जन्मभर मी लोकांच्या हाडांचे फोटो काढले
आबरिस्टविथच्या इस्पितळात.
शेजारच्या सीटवरचं मला दिसलं नाही.

बार्मथहून नेरिस आली, बोटी दुरुस्त करणारी.
टॉर्च घेऊन गाडीखाली झोपली, अर्धा तास.
मी किंमत सांगितली, तिने कमी केली,
मी आणखी कमी केली. इंदूने चिमटा काढला.
सांगायचं ते सांगितलं:
दुसरा गिअर टाकताना क्षणभर दम धर.
थंडीत चोक पूर्ण ओढ.
शिव्या मराठीत दे, तिला सवय आहे.
'आणि उजवीकडे कोण बसणार?' इंदूने विचारलं.
नेरिस म्हणाली, कुत्रा.

लॉगबुकचा हिरवा तुकडा फाडून दिला.
घोरपड गेली, घड्याळाच्या मनोऱ्यापर्यंत
उगाच इंडिकेटर चालू ठेवून.
इंदू बघत राहिली, मान तिरकी करून;
हल्ली ती तशीच बघते.
रात्री मी सवयीने तेलाचं तसराळं
रिकाम्या जागेखाली सरकवून आलो.

चौथ्या दिवशी फोनवर फोटो:
खणाच्या रुळात काळे, बारीक गोळे.
गाडीत उंदीर होते का? नेरिस विचारते.
इंदूने फोन डोळ्याच्या कडेला धरला,
लांब नेला, जवळ आणला,
आणि इतकी हसली की जिन्यातच बसली.

लिही तिला, म्हणाली,
लेंड्या नाहीत गं, मोहरी आहे.
तेल तापू दे आधी.
थांब. थांब.
आता टाक.