चारशे सत्तावन्न

झहिदाने केमिस्ट्रीच्या वह्या बाजूला सारल्या
आणि टेबलावर तीन यंत्रं मांडली.
एक महाग, एक मधलं, एक कुणाचंतरी वापरलेलं,
पट्ट्यावर अजून त्याच्या घामाचा पांढरा नकाशा.
विकणारा फोनवर म्हणाला होता, "एकदाच उपयोगात आलं."
आम्ही विचारलं नाही, कशाच्या.

माघात स्पितीला जायचंय, स्की बांधून,
या नाशकातून, जिथे बर्फ म्हणजे
रसवंतीतली भुशात गुंडाळलेली लादी,
नाहीतर एखाद्या पहाटे निफाडला
द्राक्षाच्या पानावर गोठलेलं दव,
आणि दुसऱ्या दिवशी पेपरात त्याचा फोटो.

मी अंबडला रिले तपासते, दिवसाला चारशे.
चटकन जुळावं, चटकन सुटावं.
जो अडखळतो तो लाल ट्रेमध्ये.
वापरलेल्याचा स्विच कानाशी धरून वीसदा सरकवला.
अठराव्याला किंचित थबकला.
लाल ट्रे.

उरलेल्या दोघांसाठी वेल्डिंगचे हातमोजे घातले.
महागाच्या पडद्यावर रंगच रंग,
पण बटण काही बोटाला सापडेना.
"पंधरा मिनिटं," झहिदा म्हणाली,
"पुढे आलेख हरिहरच्या पायऱ्यांसारखा उतरतो."
तिने तो काढून दाखवला नाही.

रविवारी सुकेण्याला मामांच्या मळ्यात.
पुरायला निवृत्तीकाका, राखणीचे. कुदळ त्यांची, पाठ फिरवलेल्या आम्ही.
पहिल्यांदा बाण खुळ्यासारखा भिरभिरला:
मांडवाच्या तारा! लोखंडाचं इतकं जाळं
त्याला कुठून उमगावं.
मग पलीकडच्या पडीक तुकड्यात गेलो.
बेचाळीस. एकतीस. तेहतीस, चुकलं, मागे. अठरा.
सरळ नेत नाही तो, वळसा घालून नेतो,
गावात कुणालाही पत्ता विचारा, तसाच.
सहावर आल्यावर गुडघ्यांवर, यंत्र मातीला टेकवून
आडवं, मग उभं, हळू, अजून हळू,
कांद्याचं रोप लावतो त्या उंचीवरून.
नऊ मिनिटं लागली मला.
झहिदाला सात.
काका म्हणाले, "एवढ्यात आमची म्हैस पण सापडते."

तिसऱ्या खेपेला बाण मळा सोडून निघाला.
विहिरीकडे, बांधावरून, शेकोटीकडे.
काका बसलेले, हात शेकत,
यंत्र बंडीच्या खिशात, तोंडावर काही नाही.
खूप हसलो. चहा झाला.
मग काडीने निखारा सारत त्यांनी सहज विचारलं,
"हे गळ्यात घातलं की वाचतं का माणूस?"

"नाही," मी म्हटलं, "माझं यंत्र मला वाचवत नाही.
हिच्या हातात हिचं असेल, आणि ती वर असेल, तर."
"आणि दोघी खाली असल्या तर?"
शेकोटीत बागेची छाटलेली काडी तडकली.
झहिदाने बॅटरीचं झाकण उघडलं, उगाच,
आणि परत लावलं.

मधलं घेतलं. दोन, एकसारखी.
महागातले उरलेले पैसे खोदायच्या फावड्याला,
आणि टोचून पाहायच्या लांब सळईला.
सेल साधेच, पण दरवेळी नवे. हे ठरलं.
हेही ठरलं, की निघण्याआधी रोज सकाळी
एकमेकींचा आवाज ऐकायचा, मगच पाऊल.
बाकी उतार कुठला सोडायचा,
कधी म्हणायचं की आज नको,
ते दुकानात मिळत नाही. त्यावर आम्ही भांडलो,
द्वारकेच्या सिग्नलला, स्कूटरवर, चांगल्याच.

ती उतरली. मी मखमलाबादला आले.
जॅकेट काढताना दिसलं, माझं चालूच राहिलंय.
लाल ठिपका, सेकंदाला एकदा.
पन्नास मीटरपुढे याचं काही पोचत नाही
आणि मधे अख्खं पंचवटी, पूल, नदी.
सेल वाया जातात, कळतं मला.
भांडी घासून होईपर्यंत
ओट्यावर तसंच ठेवलं.