कोळशाची पिशवी

आलोइझ शॉल्तिसेक दुकानात आले
ते कबुतरं विकलेले पैसे घेऊन.
झाब्झेत निवृत्त खाणकामगार म्हटला की कबुतरं आलीच,
पण डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला
आणि म्हणाले, पिसांची धूळ आता या छातीत मावणार नाही.
"मग मासे," आलोइझ म्हणाले. "खाऱ्या पाण्यातले.
समुद्र मी दोनदाच पाहिलाय, दोन्ही वेळा युनियनच्या खर्चानं."

एकशे वीस लिटरची टाकी दाखवली.
लोक आधी माशांचे रंग विचारतात.
यांनी विचारलं :
हवा कुठून येते, आणि घाण कुठे जाते?

मी डब्याचा फिल्टर पुढे केला, स्वस्तातला.
महिनाभर उघडला नाही तर आत सडतं, हेही सांगितलं.
"बंद जागेत काय साचतं ते मला नको सांगूस, पोरी."
डबा परत फळीवर.
मग स्किमर : बुडबुडे वर चढतात, मळ अंगाला चिकटवून नेतात,
कपात तो फेस होऊन बसतो.
हे त्यांना पटलं. बुडबुड्यांकडे बराच वेळ बघत राहिले.
मग दगड, छिद्राछिद्रांत जीव असलेले,
खरं गाळण तेच करतात, म्हटलं.
"दगडात एकतीस वर्षं काढली मी. जिवंत एक नाही भेटला."

शेवटी जाळीची छोटी पिशवी काढली.
यात काय?
कोळसा.
पाण्याचा पिवळेपणा शोषून घेतो, दर महिन्याला बदलायचा.
ते हसले. हसता हसता खोकला लागला,
इतका, की मी गल्ल्यावर हात ठेवून नुसती उभी.
उगाळावा तितका काळाच, असं ज्याच्याबद्दल म्हणतात
तो धुणार?
"दोन पिशव्या दे," ते म्हणाले. "बघू तरी."

सहा आठवडे टाकीत दगड आणि पाणी.
रोज संध्याकाळी फोन :
आज नळीत हिरवं आलं.
आज जांभळं.
शेजारचा गेरार्ड म्हणे, म्हातारा दगडांना दिवा लावून बसतो.
आलोइझना घाई नव्हती.
वायू गेल्याशिवाय माणूस आत सोडत नाहीत,
माशाचं वेगळं काय असतं?

एरिकाबाईंनी आयुष्यभर त्यांचे शर्ट धुतले,
तिसऱ्या पाण्यालाही बादली काळी व्हायची.
आता दर चौथ्या दिवशी फिल्टरचे मोजे ते स्वतः धुतात,
साबण न घालता, कारण मी दोनदा बजावलंय,
आणि एरिकाबाई खुर्चीत बसून सांगतात,
अजून एकदा पिळ. अजून एकदा.
(स्पंज मात्र नळाखाली धरला होता एकदा, ऐकलं नाही.
आठवडाभर पाणी दुधासारखं.)

जानेवारीत वीज गेली, सगळ्या गल्लीत.
बॅटरीवरचा छोटा पंप त्यांनी आधीच घेऊन ठेवला होता,
तेव्हा मला वाटलं, जास्तच काळजी.
वारा थांबला तर किती वेळ उरतो
हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.
पहाटे चारपर्यंत टाकीला कान लावून बसले होते,
एरिकाबाईंनी सांगितलं, घोंगडी पांघरून, आणि एकदाही खोकले नाहीत.
हे शेवटचं मला खरं वाटत नाही.

आज जॅमच्या बरणीत काहीतरी घेऊन आले.
स्किमरच्या कपातलं, कडक चहाच्या रंगाचं,
झाकणातूनही वास सुटलेला.
"आठ दिवसांचं," म्हणाले. "बघ, किती निघालं."
जणू लेकीचा निकाल आणलाय.
मी बरणी खिडकीकडे नेली, उजेडासमोर धरली.
ते माझ्या तोंडाकडे बघत होते,
डॉक्टरकडे बघतात तसं.

छान आहे, म्हटलं. खूपच छान निघालंय.
आणि झाकण घट्ट लावा,
गिऱ्हाइकं यायची वेळ झाली.